आठ दातांचा झेंडा

बहरीनला जायच्या आधी वीस वर्षं मला तिथला झेंडा पाठ होता. आमच्या घरी त्याच्या चिंध्यांची गोधडी होती.

अब्बा मुहर्रकच्या बाजारात टेलर होते. एरवी पडदे, अरबांचे लांब झगे म्हणजे थोब, पोरांचे युनिफॉर्म शिवायचे, पण नोव्हेंबर लागला की त्यांच्या मशिनवर फक्त झेंडेच असायचे. त्या देशाचा राष्ट्रीय दिन डिसेंबरात येतो. झेंडा लाल, काठीकडची पट्टी पांढरी, आणि पांढरं लालात शिरतं ते करवतीच्या दातांसारखं. पांढऱ्या कापडाचे दात कातरले की मधले त्रिकोण उरतात. अब्बा ते साठवायचे आणि गावी येणाऱ्याजवळ द्यायचे, साबणाच्या वड्यांमधून कोंबून. आई ते जोडायची. त्या गोधडीखाली झोपून मी दहावी झाले, बी.ए. झाले, बी.एड. झाले. आमच्या मोहल्ल्यात एवढं शिकलेली मी पहिलीच, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ज्यांनी फी भरली त्यांनाही कधी वाटला नाही.

अब्बा दर दोन वर्षांनी गावी येत. मग येईनासे झाले. चार वर्षं गेली. त्र्याण्णवच्या जुलैत आई वारली. दफनाला पोचणं शक्यच नव्हतं, ते मला समजतं. पण चाळीसाव्या दिवसाच्या फातिहालाही आले नाहीत. फोनवर म्हणाले, "दुकान सोडवत नाय गो." ऑगस्टमध्ये झेंड्यांचा कसला सीझन? मी फोन ठेवला आणि ठरवलं की आपणच जायचं आणि माणसाला घेऊन यायचं.

शाळेत बिनपगारी रजेचा अर्ज दिला. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, लोक तिकडे माणसं पाठवतात. तुम्ही आणायला निघालात."

अराद

डिसेंबर लागता लागता मी पोचले. विमानतळावर इस्माईलचाचा आणि मेहरुनचाची आले होते. चाचा म्हणजे अब्बांचे चुलतभाऊ, एका कंपनीत क्लार्क आहेत. माझा व्हिजिट व्हिसा त्यांनीच काढला. अब्बा आले नव्हते. "कामात आहेत," चाचा म्हणाले. मी ते मनात धरून ठेवलं.

चाचांचं घर अरादला, विमानतळाजवळच. घरं वाळूच्या रंगाची, बसकी, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. गल्ली संपते तिथे समुद्र. आमच्या म्हसळ्याकडचा समुद्र आवाज करतो, हा ताटात ओतलेल्या पाण्यासारखा गप्प पडलेला. रस्त्याच्या प्रत्येक खांबाला लाल-पांढऱ्या दिव्यांच्या माळा, आणि वर झेंडे. वाऱ्यानं फडफडणारा झेंडा पाहिला की मी नकळत दात मोजायची. आठ. प्रत्येक वेळी वाटायचं, हा आपल्या अब्बांचा असेल.

सकाळी चाचीनं पुढ्यात ठेवलं ते पाहून मी हात आवरला. शेवया, साखर-वेलची घातलेल्या, आणि त्यावर ऑम्लेट पसरलेलं.

"बलालीत म्हणतात त्याला," चाची म्हणाली. "खा."

"गोड शेवयांवर अंडं?"

"शिकलेल्या पोरींना आधी विचारायचं असतं, मग खायचं असतं. मीपण पहिल्या दिवशी रडले होते. आता माहेरी गेले की शेवयांवर अंडं नाही म्हणून रडते."

खाल्लं. चांगलं लागतं.

मुहर्रक

दुकान दहा बाय बाराचं. दाराशी दोन मशिनं, उजेडासाठी पुढे ओढलेली. मागे भिंतभर फळ्या आणि त्यांवर कापडाचे तागे. अब्बा मशिनवर होते. दाढी पूर्ण पांढरी झालेली. मी उंबऱ्यात उभी राहिले. त्यांनी मान वर केली, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, आणि अरबीत "या, बसा" म्हणाले.

चार वर्षांत माणूस बदलतो, पण इतका नाही. मी म्हटलं, "अब्बा, मी."

ते एकदम उठले. स्टूल मागे पडलं. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. म्हणाले, "आवाज आईचा आलाय गो तुजा."

मला राग आला होता, तो काही गेला नाही. मी पडलेलं स्टूल उचलून त्यावर बसले आणि पहिलं तेच विचारलं, "चाळीसाव्याला का नाही आलात?"

"दुकान होतं."

"दुकान तुमचं नाही."

"दुकान अबू राशिदचं," ते म्हणाले. "झेंडे माजे."

अबू राशिद म्हणजे दुकानाचे मालक, सत्तरीचे अरब. तेव्हा ते कोपऱ्यात बसून सुईत दोरा ओवत होते. एक ओवली की सुयांच्या छोट्या गादीत टोचायची, मग दुसरी. डझनभर सुया रांगेत. मालकानं नोकराच्या सुया ओवायच्या हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"त्याला हौस हाय," अब्बा म्हणाले.

लहानपणी वडिलांबरोबर मोत्यांच्या व्यापारासाठी अबू राशिद मुंबईला राहिलेले, त्यामुळे हिंदी बोलत. त्यांनी मला लहानशा कपात गहवा, म्हणजे तिथली कडवट कॉफी, ओतून दिला, सोबत खजूर. कप रिकामा झाला की पुन्हा भरत. मी पाच कप प्याले तेव्हा अब्बा म्हणाले, "कप हालव गो, नायतर तो थांबायचा नाय." नको असेल तर कप हलवून परत द्यायचा, अशी तिथली रीत. आमच्याकडे नको म्हटलं तरी वाढतात. इथे तोंडानं न बोलता सुटका आहे.

झेंड्याची गोष्ट मला त्यांनीच सांगितली. "पहले सब लाल," ते म्हणाले. "इधर का जहाज, उधर का जहाज, सब लाल. अंग्रेज को दोस्त-दुश्मन एक दिखता था. तो बोला, जो सुलह करेगा वो सफेद लगाएगा, उसपे तोप नहीं मारेगा. सफेद लगाया. फिर पड़ोसी का भी वैसाच. तो हमारा लाईन में दाँत आया."

"आठच का?"

"पहले बहुत था. कौन गिनता? मुल्क आज़ाद हुआ, तब कानून बना, आठ." बोटं दाखवली. आठच का याचं कारण मी पुढे आणखी दोघांना विचारलं, तिघांनी तीन सांगितली. इतिहास शिकवणारीला हे चालत नाही, पण काय करणार.

आणि अब्बांचं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. पुठ्ठ्याचा फर्मा पांढऱ्यावर ठेवायचा, खडूची रेघ, मग कातर. दातांची कड नखानं आत दुमडायची, पांढरं लालावर बसवायचं, टीप मारायची. उलट करून मागचं जादा लाल कापून टाकायचं, म्हणजे झेंडा दोन्हीकडून सारखा. प्रत्येक टोकाशी मशिन थांबवून, सुई कापडात ठेवून, कापड फिरवायचे. दर टोकाला अंगठा लावून बघायचे. मला वाटलं, काय सफाई आहे.

"वीस वर्षांत एक झेंडा परत आला नाय," ते म्हणाले.

दुपारी अबू राशिदना निरोप आला, मनामात त्यांची थोरली बहीण वारली. तीन दिवस लोक भेटायला येणार, बसावं लागणार. ते गेले. थोड्या वेळानं अब्बाही असरच्या नमाजाला गेले, मशीद चार पावलांवर. मी दुकानात एकटी.

मला रिकामं बसता येत नाही. फळ्यांकडे बघितलं तर सगळी भेळ. निळ्याशेजारी लाल, लालाखाली फुलाफुलांचं, काळं वर, धूळ सगळीकडे. शाळेचं ग्रंथालय मीच लावलंय. ओढणी खोचली आणि तागे उतरवले. पुसले. रंगानुसार लावले. पांढरे वर, मग पिवळे, मग लाल, मरून, मग निळे, काळे. अर्ध्या तासात भिंत अशी दिसायला लागली की फोटो काढावा.

अब्बा आले. मी वाट बघितली. ते सरळ मशिनवर जाऊन बसले. भिंतीकडे मान वळवली, माझ्याकडे वळवली, आणि म्हणाले, "जेवलीस का?"

एक शब्द नाही. मीही मानी. म्हटलं, दिसत असून बोलायचं नसेल तर आपण तरी कशाला सांगावं. सांगितलं नाही.

मनामाचा पूल

पुढचे तीन दिवस चाचीनं मला फिरवलं. मुहर्रक एका बेटावर, मनामा दुसऱ्या, मध्ये पूल. पलीकडे म्युझियम आहे. तिथे मोती काढणाऱ्यांचं सामान बघितलं, नाकाला लावायचा चिमटा, कमरेची टोपली. श्वास धरून खाली जायचं आणि हातानं चाचपून शिंपले काढायचे. आमच्याकडचे लोक तिसऱ्या काढतात ते निदान ओहोटीला, उभ्यानं.

पुलावर झेंड्यांची रांग होती. मी म्हटलं, "कतारचापण असाच ना?"

"हळू बोल," चाची म्हणाली. "तो मरून. नऊ दातांचा. बेटांवरून दोघांचं परदेशी कोर्टात चाललंय. इथे त्याचं नाव काढलं की दुकानदार सुट्टे देताना मोजत नाही, फेकतो."

अरादच्या किल्ल्याजवळ माझी फजिती झाली. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. मी आमच्या वाळूच्या हिशेबानं चालत गेले आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतले. एक चप्पल आत राहिली ती राहिलीच. काठावर एक अरब बाई पोरांना घेऊन बसली होती. आधी ती पोट धरून हसली, मग आपल्या बाटलीतलं पिण्याचं पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि पोराची सपात काढून मला दिली. मी नको म्हणून हात हलवला. तिनं काही ऐकलं नाही. घरी पोराच्या तोकड्या निळ्या सपातेत एक पाय आणि दुसरा माझ्या चपलेत, अशी आले. चाची दोन दिवस हसत होती.

संध्याकाळी दुकानात डोकावायची. अब्बा एका शाळेचे बारा झेंडे शिवत होते. ट्यूबलाइट पिवळी पडलेली, झेंडे घड्या घालून पांढरी बाजू वर करून रचलेले. मी बसायची, त्यांना गावाचं सांगायची, आणि रोज एकदा म्हणायची, "चला." ते म्हणायचे, "बघू."

परत आलेलं बोचकं

चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा अबू राशिद नुकतेच आले होते. पाठोपाठ शाळेचे एक मास्तर आले. काखेत बोचकं. त्यांनी एक झेंडा काउंटरवर, दारातल्या उन्हात पसरला.

मला कळायला एक क्षण लागला. आठ दात, टोकं सुईसारखी. आणि कापड मरून.

मास्तर अरबीत हलकेच बोलले. मला एकच शब्द कळला, कतार.

अब्बांना वाटलं, दातांची तक्रार आहे. ते काउंटरशी आले, झेंड्याची कड शोधली आणि एकेका टोकावर अंगठा ठेवत मोठ्यानं मोजायला लागले. "वाहद. थनेन. थलाथा." आठाला पोचले. मास्तरांकडे तोंड करून म्हणाले, "आठ हैं. गिन लो." आणि पुन्हा पहिल्या दातापासून सुरुवात केली.

अबू राशिदनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. मास्तरांना अरबीत काही म्हणाले, ते अब्बांनी मला मागाहून सांगितलं: कापड मी दिलं, चूक माझी, उद्या दुपारी बारा झेंडे पोचतील. मास्तर भले होते. मान हलवून गेले.

अब्बा तिथेच उभे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, रंग कंचा हाय ह्याचा?"

"मरून."

"आनि तो तागा?" त्यांनी हात केला. दुसरी फळी, उजवं टोक.

"तोपण मरून."

"मला लाल वाटला," ते म्हणाले, आणि स्टूल चाचपून बसले. स्टूल चाचपून बसतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गेले चार दिवस ते तसेच बसत होते.

अबू राशिद मला बाहेर पायरीवर घेऊन गेले.

"तीन साल," ते म्हणाले. "शक्कर का बीमारी. सफेद दिखता है, आदमी का छाया दिखता है. लाल, मरून, काला, एक. डॉक्टर बोला, अब कुछ नहीं होगा."

"आम्हाला का नाही कळवलंत?" मी हिंदीत विचारलं.

"वो बोला, मत बोलो. पहले बोला, बेटी का कॉलेज है. फिर बोला, नौकरी नया है. बीवी मरा तो मैं टिकट लाया. बोला, अकेला कैसे जाऊँ, किसी को साथ माँगेगा तो सबको मालूम पड़ेगा." त्यांनी आत, गादीतल्या सुयांकडे बोट केलं. "मैं सुई में धागा डालता. लाल थान रोज सुबह उसका जगह रखता. ग्राहक इधर-उधर करता, मैं वापस रखता. तीन दिन नहीं आया."

मग त्यांनी काचेतून आत भिंतीकडे पाहिलं. पांढरे, पिवळे, लाल, मरून, निळे, काळे.

"तुमने जमाया?"

"हो," मी म्हटलं.

"अच्छा जमाया है," ते म्हणाले. त्यापलीकडे ते त्या गोष्टीबद्दल कधी बोलले नाहीत, मला नाही, अब्बांनाही नाही.

त्या दिवशी आम्ही तिघांनी बारा झेंडे पुन्हा केले. मी कापड मोजून दिलं, अबू राशिदनी फर्म्यावर खडू फिरवला, अब्बांनी शिवलं. कापड हातात घेतलं की ते विचारायचे, "लाल?" मी म्हणायची, "लाल." बारा वेळा. हात त्यांचा तसाच चालत होता. एका टोकालाही धागा हलला नाही.

शेवटचा झेंडा झाला तेव्हा मशिनवर कापड टाकत ते म्हणाले, "येतो मी तुज्याबरोबर. हात चुकाय लागला. आता इथं बसू नये मानसानं."

याचसाठी मी आले होते. चार दिवस ज्याला "बघू" मिळत होतं त्याला हो मिळालं. तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, अब्बा, हात चुकला नाही, तागे मी हलवले. म्हटलं असतं तर ते राहिले असते. उद्या अबू राशिदनी तागा जागेवर ठेवला असता, सुया ओवल्या असत्या, आणि आणखी दोन-तीन वर्षं ते मुहर्रकचे टेलर राहिले असते. मला हे कळत होतं. मी ओढणीनं खडू पुसला आणि म्हटलं, "चला, चाचीला सांगू."

गाव

राष्ट्रीय दिनाच्या सुट्ट्या संपल्यावर व्हिसा कॅन्सल करण्याचं वगैरे अबू राशिदनी उरकलं. विमानतळापर्यंत आले. अब्बांच्या दोन्ही खांद्यांना ओठ टेकले आणि माझ्या हातात हलव्याचा डबा दिला. अब्बांनी विचारलं, "सुई कोन ओवेल माजी आता?" अबू राशिदना मराठी येत नव्हतं. तरी हसले.

सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांनी अब्बांना शाळेत बोलावलं. परदेशात वीस वर्षं झेंडे शिवणारा माणूस आपल्या गावचा, म्हणून शाल आणि नारळ. मी त्यांना हाताला धरून नेलं. झेंडावंदन झाल्यावर दोन शब्द बोला म्हणाले. अब्बा माइकसमोर थोडे वाकून उभे राहिले.

"वीस वर्षांत माजा झेंडा परत आला नाय," ते म्हणाले. "शेवटचे बारा आले. कापड चुकीचं घेतलं मी. हात माजा होता, चूकबी माजी. पोरांनो, काम करताना नीट बघायचं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या, ती कशालाही वाजवतात. मी शिक्षकांच्या रांगेत खुर्चीवर होते. उठले नाही.

आता वर्ष होत आलं. मोहल्ल्यात सगळे म्हणतात, पोरीनं बापाला सांभाळून आणलं. अब्बा ओटीवर बसतात. कुणी वाटेनं गेलं की पावलांवरून ओळखतात, आणि उरलेला वेळ गुडघ्यावरच्या लुंगीची कड नखानं दुमडत बसतात, दुमडायची, सोडायची.

परवा त्यांनी विचारलं, "काय लिवतेस गो रोज?"

"बहरीनचं."

"वाच."

मी वाचलं. बलालीतला हसले. चिखलातल्या चपलेचं मी आधीच वेगळं लिहून ठेवलं होतं, त्याला इतके हसले की डोळे पुसले. गहव्याचा कप हलवायचा ते मी नीट लिहिलंय म्हणाले. मग मुहर्रकच्या दुकानात त्या दुपारी मी एकटी बसले होते, तिथपर्यंत आले आणि वही मिटली.

"पुढं?"

"पुढचं अजून लिहिलं नाही."

"लिव सावकाश," अब्बा म्हणाले. "मला कुटं जायचंय."